तुमच्या चौकातली कोंडी: टेप, स्टॉपवॉच आणि दोन पानी अर्ज

ठाण्यात घोडबंदर रोडवर संध्याकाळी मानपाड्याला अडकलेला माणूस पहिली मागणी करतो ती उड्डाणपुलाची. मानपाड्याला उड्डाणपूल आहे. पातलीपाड्याला आहे, वाघबीळला आहे. तरी पुलाखालचा चौक तुंबतोच, कारण पूल फक्त सरळ जाणाऱ्यांना उचलून नेतो. वळणारे, सोसायटीतून बाहेर पडणारे, शेअर रिक्षा शोधणारे आणि टीएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बसची वाट पाहणारे सगळे खालीच राहतात.

ठाण्याच्या कोंडीची काही कारणे रहिवाशांच्या आवाक्याबाहेरची आहेत. उरणच्या बंदरातून भिवंडीकडे आणि गुजरातकडे जाणारे कंटेनर, मेट्रो ४ चे बॅरिकेड, गायमुखचा घाट, कळव्याची खाडी, ही कामे सरकारची आणि वर्षांच्या हिशेबाची. पण तुमच्या रोजच्या चौकातला बराचसा वेळ दुसरीकडेच खर्च होत असतो: स्टॉप लाइनच्या आधीचे ५० ते ६० मीटर आणि चौक ओलांडल्यानंतरचे ३० मीटर. तिथे गेलेली रुंदी परत मिळवणे हे महिन्या-दोन महिन्यांचे काम आहे. पाच-सहा माणसे, एक मोजपट्टी, दोन मोबाइल आणि आठवड्याचे तीन दिवस एवढ्यात त्याची तयारी होते. सोसायट्यांचा फेडरेशन असेल तर उत्तम. नसेल तर एकाच संकुलानेही चालते.

आधी आपले दार

अर्ज लिहिण्याआधी स्वतःच्या गेटसमोर अर्धा तास उभे राहा. सुरक्षारक्षक पाहुण्यांची नोंद रस्त्यालगतच करत असेल, तर एका गाडीला ४० सेकंद आणि मागे दोन गाड्या उभ्या, म्हणजे सेवा रस्त्याची एक रांग तुमच्याच गेटने बंद केली. बूम बॅरिअर आत सरकवा. एका कारला पुढचे-मागचे अंतर धरून ६ मीटर लागतात. बॅरिअर १२ मीटर आत घेतला तर दोन गाड्या रस्त्याबाहेर उभ्या राहतात.

घोडबंदरच्या पट्ट्यात पाण्याचे टँकर हा वेगळाच विषय आहे. सकाळी आठ ते दहा या वेळात टँकर गेटबाहेर पाइप लावून उभा असतो आणि त्याच्या मागून शाळेच्या बस जात असतात. टँकरवाल्याशी बोलून सातच्या आधीची किंवा अकरानंतरची वेळ ठरवा आणि ती करारात लिहा. तोंडी ठरलेली वेळ पहिल्या पाणीकपातीत मोडते. शाळेच्या बसचेही तसेच. तीन इमारतींच्या तीन गेटवर तीनदा थांबण्यापेक्षा एक थांबा, पाच मिनिटे आधी मुले हजर. यावर पालकांच्या ग्रुपवर भांडण होईल. होऊ द्या. हे काम पूर्ण केलेला अर्जदार आणि न केलेला अर्जदार यांच्याशी वाहतूक शाखेतले लोक वेगळ्या तऱ्हेने बोलतात.

रुंदी मोजा

सगळ्यात कमी कष्टाचे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचे माप हे. रविवारी सकाळी लवकर जाऊन रस्त्याची पूर्ण रुंदी मोजा, पदपथाच्या कडेपासून दुभाजकापर्यंत. मग कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी चालू रुंदी मोजा, म्हणजे उभ्या रिक्षा, हातगाड्या, दुचाकी, खोदकामाची माती, तुंबलेले पाणी वगळून वाहन खरोखर जिथून जाते तेवढीच. गर्दीत रस्त्यात टेप धरायची नाही. पदपथावर उभे राहून अडथळा कडेपासून किती आत आलाय ते मोजा आणि पूर्ण रुंदीतून वजा करा.

प्रत्येक बाजूला चार ठिकाणी माप घ्या: स्टॉप लाइनवर, मागे १५ मीटरवर, ३० मीटरवर आणि ६० मीटरवर. पाचवे माप चौक ओलांडल्यावर, जिथे वाहने बाहेर पडतात तिथले. हे पाचवे माप बहुतेक जण विसरतात आणि दोष बऱ्याचदा तिथेच असतो. तीन रांगांतून सुटलेल्या गाड्या पुढे दोन रांगांत शिरत असतील तर हिरवा दिवा कितीही वाढवा, चौकाच्या पोटात गाड्या अडकणार आणि आडव्या बाजूचा हिरवा वाया जाणार. डाव्या वळणानंतर लगेच असलेला रिक्षा स्टँड आणि चौकाला चिकटून असलेला बस थांबा हे नेहमीचे दोन आरोपी.

आता हिशेब. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सिग्नलविषयक संहितेप्रमाणे (आयआरसी ९३) साडेपाच मीटरपेक्षा रुंद बाजूवरून, सलग हिरवा दिवा धरला तर, तासाला रुंदीच्या मीटरमागे ५२५ कार सुटतात. बाजू ८ मीटर रुंद असेल तर ४,२००. चक्र (सगळ्या बाजूंचे दिवे एकदा फिरून यायला लागणारा वेळ) १२० सेकंदांचे आणि तुमच्या वाट्याला ४० सेकंद हिरवा असेल, तर त्याचा एक तृतीयांश, म्हणजे तासाला १,४०० कार.

त्याच बाजूला अडीच मीटर रिक्षा आणि दुचाकींनी खाल्ले. उरले साडेपाच मीटर. सुटणारा प्रवाह २,८८८ आणि त्याचा तिसरा हिस्सा ९६३. येणारी वाहने तासाला १,२०० असतील तर पहिल्या स्थितीत चौक वाहता राहतो. दुसऱ्या स्थितीत दर तासाला २३७ कार शिल्लक पडतात. दोन रांगा धरल्या आणि एका कारला ६ मीटर धरले, तर तासाभरात रांग ७०० मीटरच्या पुढे जाते. मागचा चौक तेवढ्या अंतरावर असेल तर तोही बंद. रस्त्यावर एकही गाडी वाढलेली नसते.

वाहने मोजा

मोजणीसाठी मंगळवार, बुधवार, गुरुवार निवडा. सोमवार आणि शुक्रवार वेगळे वागतात, शनिवार-रविवार तर मॉलचे. गणपती, नवरात्र (टेंभी नाक्याच्या देवीचे दिवस तर नकोच), शाळांच्या सुट्ट्या आणि मुसळधार पाऊस टाळा. वेळ सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५.३० ते ९.

प्रत्येक बाजूला दोन माणसे लागतात. एक दुचाकी आणि रिक्षा मोजतो, दुसरा बाकी सगळे. कागदावर पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने आणि त्यात डावीकडे, सरळ, उजवीकडे, यू-टर्न असे चार भाग. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, ही जुनी पद्धत अजूनही सर्वांत कमी चुकते. माणसे कमी असतील तर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून मोबाइलवर चित्रीकरण करा आणि घरी बसून मोजा. पंधरा मिनिटांचे चित्रण मोजायला पहिल्यांदा पाऊण तास लागतो. झाडाची फांदी आणि मोठा बॅनर आड येत नाहीत ना, हे आदल्या दिवशी पाहून ठेवा.

मोजलेली वाहने कारच्या मापात आणायची, त्याला पीसीयू म्हणतात. चौकासाठी जुना सोपा तक्ता पुरतो: दुचाकी आणि सायकल अर्धी, कार, रिक्षा, टेम्पो एक, बस आणि ट्रक तीन, हातगाडी सहा. समजा पंधरा मिनिटांत २१० दुचाकी, ७० रिक्षा, ८० कार, ९ टेम्पो आणि १२ बस-ट्रक आले. १०५ अधिक ७० अधिक ८० अधिक ९ अधिक ३६, बरोबर ३००. चारने गुणले की तासाला १,२००. वरच्या हिशेबातला आकडा हाच.

इथे एक खड्डा आहे. आयआरसीच्या १०६ क्रमांकाच्या संहितेत रिक्षाला दोनपर्यंत आणि दुचाकीला पाऊणपर्यंत मूल्य दिलेले आहे, आणि २०१७ च्या इंडो-एचसीएममध्ये (रस्त्यांच्या क्षमतेची भारतीय मार्गदर्शिका) सिग्नलसाठी तिसरेच आकडे आहेत. प्रत्येक तक्त्यामागची परिस्थिती वेगळी आहे. १०६ मधले आकडे दोन चौकांमधल्या सलग रस्त्याचे आहेत. एका पुस्तकातली मूल्ये आणि दुसऱ्यातले सूत्र असे मिसळू नका. महापालिकेचा सल्लागार नेमके तेवढेच पकडतो आणि बाकीचा अर्ज बाजूला पडतो.

दुसरी चूक याहून मोठी. चौक तुंबलेला असताना स्टॉप लाइनवर उभे राहून मोजलेला आकडा हा ‘सुटलेल्या’ वाहनांचा असतो, ‘आलेल्या’ वाहनांचा नव्हे. कोंडी जितकी वाईट तितका तो आकडा कमी दिसतो आणि वाटते, इथे तर वाहतूक फारशी नाहीच! म्हणून तिसरा माणूस दर पाच मिनिटांनी हिरवा लागण्याच्या क्षणी रांगेचे शेपूट कुठे आहे ते लिहितो. त्यासाठी आधीच विजेच्या खांबांना क्रमांक देऊन अंतर मोजून ठेवा. ‘रांग सातव्या खांबापर्यंत’ एवढे लिहिले की झाले. शेपटाची वाढ सुटलेल्या वाहनांत मिळवली की आलेली वाहने कळतात.

सिग्नल मोजा

स्टॉपवॉच घेऊन सलग दहा चक्रे नोंदवा: प्रत्येक बाजूचा हिरवा, पिवळा, लाल आणि मधला ‘सगळ्यांना लाल’. आकडे दर चक्राला बदलत असतील तर हवालदार किंवा वॉर्डन हाताने चालवत आहेत. तो दोष समजू नका. बऱ्याच वेळा त्यांचा अंदाज यंत्रातल्या जुन्या वेळेपेक्षा बरा असतो. पण चौकावर माणूस नसताना तीच जुनी वेळ चालते, आणि तीच तपासायची आहे.

शिवाय पाहा की हिरव्याचे शेवटचे काही सेकंद रिकामे जातात का. एका बाजूला दिवा हिरवा आणि रस्ता मोकळा, दुसऱ्या बाजूला शेपूट दहाव्या खांबाला: हे दिसले तर एक पैसाही न खर्चता सुधारणा होऊ शकते.

चक्र किती लांब असावे यासाठी वाहतूक संशोधक वेबस्टर यांचे १९५८ चे सूत्र आजही वापरतात आणि आयआरसीनेही तेच घेतले आहे. प्रत्येक बाजूसाठी आलेली वाहने भागिले सुटू शकणारी वाहने हे गुणोत्तर काढा. आपल्या ८ मीटरच्या बाजूचे १,२०० भागिले ४,२००, म्हणजे ०.२९. बाकी तीन बाजू ०.१८, ०.१४ आणि ०.११ धरू. बेरीज ०.७२. दर टप्प्याला (एका बाजूच्या हिरव्याची पाळी) सुरुवातीचा उशीर आणि सगळ्यांना लाल मिळून ४ सेकंद वाया जातात; चार टप्प्यांचे १६. सूत्र असे: १६ ची दीडपट अधिक ५, भागिले (१ वजा ०.७२). २९ भागिले ०.२८, म्हणजे सुमारे १०४; सोयीसाठी १०५ सेकंद. त्यातून १६ वजा केले की ८९ सेकंद हिरवा उरतो, तो गुणोत्तरांच्या प्रमाणात वाटा: ३६, २२, १७, १४.

आता रिक्षा स्टँड परत आणा. पहिली बाजू साडेपाच मीटर झाली की तिचे गुणोत्तर ०.४२ होते, बेरीज ०.८५ च्या आसपास जाते आणि तेच सूत्र १८८ सेकंदांचे चक्र मागते. आयआरसी १२० सेकंदांच्या वर जायला सांगत नाही. म्हणजे अडीच मीटरच्या अतिक्रमणाने हा चौक सिग्नलच्या आवाक्याबाहेर गेला. हे एवढे एक वाक्य, आकड्यांसकट, तुमच्या अर्जाचा कणा.

‘सिग्नलचा वेळ वाढवा’ ही मागणी म्हणूनच जपून करा. १२० चे १८० सेकंद केले तर वाया जाणाऱ्या वेळेचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ९ वर येते, फायदा चार टक्क्यांचा. उलट प्रत्येक बाजूची रांग दीडपट लांबते, डाव्या वळणाचे तोंड आणि मागची गल्ली बंद करते, आणि अडीच मिनिटे लाल पाहून दुचाकीवाले पुढे सरकू लागतात. खरा फायदा टप्पे कमी केल्याने होतो. समोरासमोरच्या बाजू एकत्र सोडता आल्या, किंवा एक उजवे वळण बंद करून पुढच्या यू-टर्नला नेले आणि चाराचे तीन टप्पे झाले, तर वाया जाणारा वेळ १२ सेकंद आणि त्याच सूत्राने चक्र ८२ सेकंद.

पायी चालणाऱ्यांचा वेळही यातच बसवायचा असतो. १४ मीटरचा रस्ता, सेकंदाला १.२ मीटर चाल, म्हणजे १२ सेकंद, आणि पदपथावरून पाऊल टाकायला पाच. १७ लागतात. वर शेवटच्या बाजूला १४ आले आहेत. त्या टप्प्यात लोक ओलांडत असतील तर तो १७ करा आणि चक्र १०८ होऊ द्या. आजी-आजोबांची वर्दळ असलेल्या चौकात आणखी तीन-चार सेकंद द्या. ते दिले नाहीत तर लोक दिवा न पाहता हात दाखवून चालू लागतात, आणि मग हिरवा कागदावरच राहतो.

काय मागावे

मोजणीतून जो दोष दिसला त्यावरचा एकच उपाय मागा, फार तर दोन. बारा मागण्यांचा अर्ज वाचला जातो, नोंदवला जातो आणि बाजूला ठेवला जातो.

रिक्षा स्टँड उठवा म्हणू नका, हलवा म्हणा, आणि कुठे ते दाखवा. प्रवासी जिथे उतरतात तिथून ४०-५० मीटरच्या आत जागा दिली नाही तर रिक्षा पहिल्या दिवशी नव्या जागी आणि तिसऱ्या दिवशी जुन्या जागी. स्टँडला रांगेची जागा लागते: दहा रिक्षांना ३० ते ३५ मीटर, एकामागे एक. संघटनेच्या लोकांना जागा ठरवताना बोलवा. त्यांना सावली, दिवा आणि प्रवासी या तीन गोष्टी हव्या असतात, आणि त्यात गैर काही नाही. स्टँडच्या मंजुरीत आरटीओही येते.

बस थांबा चौकाच्या आधी असेल तर थांबलेली बस हिरवा खाते. चौकानंतर लगेच असेल तर दुसऱ्या बसचे शेपूट चौकात राहते. एका बसला १२ मीटर. एकाच वेळी तीन बस येत असतील तर थांबा चौकापासून ५० ते ७५ मीटर पुढे हवा. त्याहून लांब नेला तर लोक चौकातच हात दाखवतात आणि चालक थांबतो.

दुभाजकातली फट बंद करण्याची मागणी फार लोकप्रिय आहे आणि निम्म्या वेळा चुकीची. गर्दीच्या तासाला ३०० वाहने तिथून वळत असतील आणि पुढचा यू-टर्न ६०० मीटरवर असेल, तर प्रत्येकाला १.२ किलोमीटर जास्त, म्हणजे त्याच रस्त्यावर तासाला ३६० किलोमीटरचा जादा प्रवास. पुढच्या यू-टर्नला वळणाऱ्यांसाठी वेगळी रांग आहे का पाहा. दर चक्राला दहा गाड्या साठत असतील तर ६० मीटरची रांग लागते. ती नसेल तर वळायला थांबलेल्या गाड्या सर्वांत वेगवान मार्गिका अडवतात आणि कोंडी फक्त पत्ता बदलते.

मोकळे डावे वळण उपयोगी, पण तीन मीटरची वेगळी मार्गिका किमान ३० मीटर मागून सुरू होत असेल तरच. नसेल तर सरळ जाणारी एक गाडी पुढे उभी राहते आणि मागचे सगळे हॉर्न वाजवतात.

नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड अशा जुन्या भागात रुंदी वाढण्याची आशाच नाही. तिथे पार्किंग हाच विषय. सम-विषम तारखेचे पी-१, पी-२ फलक असतात, पण झाडामागे किंवा दुकानाच्या पाटीमागे. फलक दिसत नाही म्हणून दोन्ही बाजूंना गाड्या, आणि दोन्ही बाजूंना गाड्या म्हणून टोइंगवर भांडण. प्रत्येक फलकाचा फोटो आणि जागा देऊन ‘हे सात फलक दिसत नाहीत’ असे लिहिले तर काम आठवड्यात होऊ शकते. दुकानांचा माल उतरवण्याची वेळ सकाळी नऊच्या आधीची ठरवणे हे व्यापाऱ्यांशी थेट बोलून जास्त सोपे जाते.

मेट्रोच्या किंवा इतर कामाच्या बॅरिकेडसाठी मोजणी तीच, मागणी वेगळी: ज्या टप्प्यात काम संपले किंवा थांबले आहे तिथले बॅरिकेड आत घ्या, आणि अरुंद होण्याआधी निमुळता पट्टा द्या. कामाच्या जागेवरच्या वाहतुकीसाठी आयआरसीची एसपी ५५ ही संहिता आहे. तिचे नाव अर्जात घाला. अर्धा मीटर आत सरकलेला पत्रा पावणेतीन रांगांच्या तीन रांगा करू शकतो.

पावसाळ्यात खड्ड्याचा फोटो पाठवण्याआधी पाणी कुठून येते ते पाहा. स्टॉप लाइनच्या डाव्या कडेला पाणी साचले की दुचाकी मधल्या रांगेत येतात आणि एक मीटर रुंदी जाते. जाळी तुंबलेली असेल तर डांबर टाकून उपयोग नाही, पंधरा दिवसांत तोच खड्डा परत. खड्ड्यात पेव्हर ब्लॉक बसवणे हा तर ठाण्याचा खास प्रकार: ब्लॉक बाजूच्या डांबरापेक्षा वर राहतो किंवा खचतो, आणि प्रत्येक गाडी तिथे ब्रेक मारते. कडा चौकोनी कापून, पाणी आणि माती काढून, भर पावसात मास्टिक (ओतून बसवायचे डांबरी मिश्रण) आणि उघडीप मिळाल्यावर गरम डांबर, असे नेमके लिहा.

कुणाकडे जायचे

ठाणे शहरातल्या बहुतेक अंतर्गत रस्त्यांचा मालक महापालिका. रुंदी, दुभाजक, पदपथ, थांबा, पट्टे हे तिचे. सिग्नलची देखभाल तिच्याच विद्युत विभागाकडे. सिग्नलच्या वेळा, एकदिशा मार्ग, पार्किंगबंदी, अवजड वाहनांची बंदी हे पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेचे. घोडबंदर रोड आणि महामार्गांवर सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएमआरडीए असे इतरही येतात, आणि घाट उतरून पुढे गेलात की मीरा-भाईंदर वसई-विरारचे आयुक्तालय लागते. शंका असेल तर प्रभाग समितीच्या कार्यालयात आधी विचारा. चुकीच्या टेबलावरचा अर्ज ‘पुढील कार्यवाहीसाठी’ या शेऱ्यासह दोन महिने फिरतो.

पहिली भेट तुमच्या भागाच्या वाहतूक उपविभागाच्या निरीक्षकाला, सकाळची गर्दी ओसरल्यावर. त्यांना कागद देण्याआधी विचारा, ‘साहेब, तुमच्या मते इथे नेमके काय अडते?’ चौकात रोज उभा राहणारा माणूस अशी एखादी गोष्ट सांगतो जी तीन दिवसांच्या मोजणीत सापडत नाही. शाळेची दुसरी पाळी, गुरुवारचा बाजार, बँकेची पैशांची गाडी.

अर्ज दोन पानांचा. पहिल्या पानावर विषय, चौकाचे नाव, दोष आणि त्याचा आकडा, मागणी. दुसऱ्या पानावर हाताने काढलेला नकाशा मापांसह. सोबत तीन दिवसांचे तक्ते आणि तारीख-वेळ दिसणारे सहा फोटो. मूळ प्रत पोलीस उपायुक्त (वाहतूक) यांना. प्रती महापालिका आयुक्त, नगर अभियंता आणि प्रभागाचे सहाय्यक आयुक्त यांना. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज दिलेलाच नसतो.

मागणी मान्य झाली तर वाहतूक शाखा मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ११५, ११६ आणि ११७ या कलमांखाली अधिसूचना काढते, बहुधा प्रायोगिक तत्त्वावर, आणि हरकती-सूचना मागवते. ती मुदत वाया घालवू नका. ज्यांची सोय झाली ते गप्प बसतात आणि ज्यांची गैरसोय झाली ते लिहितात. फाइलीत मग फक्त हरकतीच जमतात. फायदा झालेल्यांनीही लेखी कळवायला हवे.

उत्तरच आले नाही तर तीस दिवसांनी माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि प्रश्न मोजके: या चौकाच्या सिग्नलचे सध्याचे वेळापत्रक काय, ते शेवटचे कधी बदलले, गेल्या सहा महिन्यांत इथे पार्किंगची किती ई-चलने झाली, रस्ता खोदण्याच्या परवानग्या कोणत्या दिल्या. ‘कारवाई का केली नाही’ असे विचारू नका. कारणे विचारली की उत्तर टाळता येते, कागद मागितले की टाळणे अवघड जाते.

प्रयोग चालू असताना

पहिला आठवडा मोजू नका. चालक गोंधळलेले असतात, वॉर्डन जास्त असतात, सगळेच आकडे खोटे. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मंगळवार ते गुरुवार, त्याच वेळा, तेच खांब. शिवाय एका गाडीने ठरलेल्या दोन टोकांमध्ये गर्दीच्या वेळेत सहा फेऱ्या मारून वेळ नोंदवा, आधीही आणि नंतरही. सहापैकी मधल्या दोन वेळांची सरासरी द्या. सर्वांत चांगली फेरी तेवढी दाखवली तर कुणीतरी ओळखतेच.

एक तपासणी चौकाबाहेरही करा. तुमची रांग कमी झाली आणि मागच्या किंवा बाजूच्या चौकाची वाढली, तर ते अर्जात स्वतःहून लिहा. कापूरबावडी मोकळी करताना माजिवडा तुंबत असेल तर माजिवड्याचे लोकही अर्ज देणारच आहेत, आणि त्यांच्याकडेही टेप आहे.

शंकू आणि प्लॅस्टिकचे बॅरिकेड पंधरा दिवसांत गायब होतात किंवा कुणाच्या तरी पार्किंगची राखीव जागा बनतात. प्रयोग यशस्वी ठरला की लगेच पक्के बांधकाम, म्हणजे कर्ब (कडेचे दगड), बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब), थर्मोप्लास्टिकचे पट्टे, यासाठी महापालिकेला दुसरा अर्ज द्या, नव्या आकड्यांसह. बोलार्डमधले अंतर १.२ मीटर ठेवायला सांगा: चाकाची खुर्ची जाते, कार जात नाही. दुचाकी जाते. तिच्यासाठी अजून कुणाला उपाय सापडलेला नाही, तिथे वॉर्डनच हवा.